झाकलेली नावं

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये मध्यंतरी लग्नाला गेले होते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न. पत्रिका हातात होती तरी हा आमचाच जुना हॉल हे लक्षात आलं नव्हतं, कारण हॉलचं नाव बदललंय आणि दर्शनी भाग सगळा काचेचा केलाय. जिना मात्र तोच. कठड्यावर हात टेकला आणि तो गार, गुळगुळीत मोझॅक तळहाताला लागला तेव्हा मी पायरीवर थांबले. मागून येणाऱ्या आजोबांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी नाही नाही म्हणत बाजूला झाले आणि त्यांना वाट दिली.

वर सगळं नवं होतं. छताला झुंबरं, पांढऱ्या खुर्च्या, स्टेजच्या मागे भिंतभर चकचकीत पडदा, आणि त्यावर नवरानवरीचे कुठल्यातरी डोंगरावरचे फोटो सरकत होते. पण स्वयंपाकघर अजून खालीच असावं. जेवणाची वेळ जवळ आली तशी जिन्यातून फोडणीचा वास वर चढायला लागला. मोहरी, कढीपत्ता, मागोमाग मसालेभाताचा. अगदी त्याच वेळी, त्याच वाटेनं. मी अक्षता हातात धरून उभी होते आणि मंगलाष्टकं मला ऐकूच येत नव्हती.

आमच्या वेळी इथे मरून रंगाचे जाड पडदे होते. त्यांना धुळीचा आणि अत्तराचा वास यायचा, आधीच्या रात्रीच्या कुणाच्या तरी रिसेप्शनचा. ते पडदे ओढले की भर दुपारी हॉलमध्ये अंधार व्हायचा. प्रोजेक्टर तापायला लागला की त्याचा एक वेगळा जळका वास सुटायचा. पोरांनी फोमचे तुकडे चिकटवून तलवारी, पंख, चिलखतं केलेली असायची, त्या सोल्यूशनचा वास डोक्यात जायचा. डिसेंबर असायचा. सकाळी डोंगराच्या बाजूनं गारवा उतरायचा, रस्त्यावर कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असायचा, आणि त्या धुरातून निळ्या-गुलाबी केसांचे टोप घातलेली मुलं स्टेशनकडून चालत यायची. चहावाला त्यांच्याकडे बघून दरवर्षी तेच विचारायचा, "नाटक आहे का?"

नाटक नव्हतं. जपानी कार्टूनवर जीव टाकणाऱ्या पोरांचा तो मेळा होता, वर्षातून एकदा भरणारा. आम्ही त्याला कन्व्हेन्शन म्हणायचो. आणि त्या मेळ्याचा प्राण म्हणजे व्हिडिओंची स्पर्धा. आपल्या आवडत्या मालिकेतली दृश्यं कापायची, ती आपल्या आवडीच्या गाण्यावर बसवायची. सांगायला एवढंच. पण ठेक्यावर दृश्य बदललं पाहिजे, सूर लांबला तर पडद्यावरचा पाऊसही लांबला पाहिजे. घरच्या खटारा कॉम्प्युटरवर महिनोन्‌महिने मुलं हे करत बसायची. त्यातून त्यांना काही मिळत नसे. एक दुपार मिळायची. आपण केलेलं अंधारात, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांसोबत बघायला मिळायचं.

ही स्पर्धा प्रज्ञाची होती. प्रज्ञा माझी कॉलेजची मैत्रीण. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायची. तिचे वडील तरुणपणी नांदेडकडून येऊन तिथल्या कारखान्यात लागले होते. आमचं घर भांडुपला. माझे आजोबा मालवणहून गिरणीत आलेले आणि माझे वडील बँकेत. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. सुरुवातीला मी फक्त तिच्यासोबत असावं म्हणून जायचे. मग मलाही ते वेड लागलं.

प्रज्ञाचा पहिला नियम असा होता की निकाल लागेपर्यंत कुणाचंही नाव कुणाला कळता कामा नये. प्रत्येक व्हिडिओला फक्त क्रमांक, आणि नाव चिकटवलेल्या पाकिटात. व्हिडिओच्या कोपऱ्यात कुणी आपलं नाव, टोपणनाव, एखादी खूण टाकली असेल तर तो परत पाठवायचा, काढून आण म्हणायचं. परीक्षक तीन असायचे आणि तिघं तीन कोपऱ्यांत, आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. गुण देऊन होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. कुठला व्हिडिओ आधी, कुठला नंतर, ते स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरायचं, आणि तेही प्रत्येक परीक्षकासाठी वेगळं. कारण जेवणानंतर माणूस पेंगतो आणि तेव्हा समोर आलेल्यावर अन्याय होतो, असं प्रज्ञाचं म्हणणं होतं.

मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "अगं, कार्टूनचे व्हिडिओ आहेत यार. एवढं काय? यूपीएससी आहे का?"

ती चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला कधी कुणी नाव विचारल्यावर थांबून 'पूर्ण नाव?' असं विचारलंय?"

"नाही," मी म्हटलं.

"मला शाळेपासून विचारतात. पूर्ण नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा किंचित हलतो. लगेच सावरतो, पण हलतो. मला एक अशी जागा पाहिजे जिथे चेहरा हलायच्या आधी काम बघितलं जाईल. एक दुपार पुरे."

मी तिच्यासोबत चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला बसले.

माझ्याकडे आवाजाचं काम होतं. कुणाचं गाणं बारीक, कुणाचं कानठळ्या बसवणारं. मोठ्या आवाजातलं उगाच चांगलं वाटतं, म्हणून सगळ्यांचे आवाज सारखे करून घ्यायचे. घरी मागच्या खोलीत हेडफोन लावून मी तासन्‌तास बसायचे. आई म्हणायची, "कान फुटतीत गो तुझे." प्रत्येक गाणं इतक्या वेळा ऐकायचे की आंघोळ करताना, भाजी निवडताना तीच गाणी तोंडात यायची. कितीतरी भाषा होत्या त्यांत. शब्दांचा अर्थ माहीत नसलेली गाणी मी सगळा डिसेंबर गुणगुणायचे.

आणि ती दुपार! पडदे ओढले जायचे. कुणाचा तरी टोप कुणाच्या तरी पंखात अडकायचा, हशा व्हायचा, मग शांतता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक उमटायचा. त्या क्षणी हॉलमध्ये कुठेतरी एक माणूस श्वास रोखून बसलेला असायचा आणि त्याच्या शेजाऱ्याला ते माहीत नसायचं. मला तो क्षण सगळ्यांत आवडायचा. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी असायची, हाताची घडी घालून. पडद्याकडे पाहायचीच नाही. बसलेल्या लोकांकडे पाहत राहायची.

रोझलिन पहिल्यांदा आली तेव्हा दाराशीच उभी राहिली. मनोरीची मुलगी. मनोरीहून फेरीबोटीनं मार्वे, तिथून बसनं मालाड, मग आणखी दोन बस बदलून मुलुंड. व्हिडिओ आधीच पाठवला होता, तरी वेळेला असावा म्हणून पेनड्राइव्ह तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात घालून आणला होता, बोटीत पाणी उडतं म्हणून. आत यायला तयारच नव्हती.

"ताई, वास येतो का माझा?" तिनं प्रज्ञाला विचारलं. "सकाळी आईसोबत बोंबील टाकलेत वाळत."

"येतो ना," प्रज्ञा म्हणाली. "भूक लागली मला. ये आत."

रोझलिन जी हसली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती.

त्या वर्षी तिचा व्हिडिओ अगदीच कच्चा होता. गाणं आधी संपलं आणि चित्रं पुढे नुसती पळत राहिली. ती शेवटून दुसरी आली असेल. पण निकालानंतर प्रज्ञा प्रत्येकाजवळ जाऊन बसायची, परीक्षकांनी काय म्हटलं ते सांगायची. रोझलिनजवळ ती फार वेळ बसली. हॉलवाला दिवे बंद करायला आला तरी दोघींची डोकी एकाच कॉम्प्युटरवर वाकलेली होती. पुढच्या वर्षी रोझलिन तिसरी आली. नाव पुकारलं तेव्हा तिला कळेचना, शेजारच्या पंखवाल्या मुलीनं तिला ढकललं. स्टेजवर जाऊन तिनं प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरलं, प्रसाद धरतात तसं.

परत जाताना ती म्हणाली, "ताई, तुमाला माहीत होतं का ते माझं हाय?"

"नाही गं," प्रज्ञा म्हणाली. "शप्पथ नाही."

"मग लय बरं वाटलं."

मेळा वाढत गेला. मुलुंडच्या हॉलमध्ये माणसं मावेनात, जिन्यात बसायला लागली. मग एक इव्हेंट कंपनी आली आणि सगळं गोरेगावला एका प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या शेडमध्ये गेलं. कोणी ठरवलं, कसं ठरलं, मला आता सांगता येणार नाही. एका डिसेंबरात आम्ही मुलुंडला होतो आणि पुढच्या डिसेंबरात नव्हतो, एवढंच. तिथे पालापाचोळ्याचा धूर नव्हता. जनरेटरचा होता. गार वारा होता, पण तो यंत्रातून येणारा. सगळीकडे पॉपकॉर्नचा गोडसर वास आणि प्रत्येक स्टॉलवर वेगळं गाणं. कंपनीकडून मेहुल नावाचा एक माणूस आमच्यावर नेमला होता. घाटकोपरचा, हसतमुख, सतत बडीशेप चघळणारा. वाईट नव्हता. आम्हाला स्वतःच्या हातानं खुर्च्या आणून द्यायचा.

त्या वर्षी रोझलिनचा व्हिडिओ माझ्याकडे आवाजासाठी आला तेव्हा त्यावर फक्त अकरा आकडा होता. कुणाचा आहे हे मला माहीत नव्हतं. मी मागच्या खोलीत हेडफोन न लावता तो लावला. आई हातात पळी घेऊन दाराशी आली आणि तिथेच थांबली. एका दीपगृहात राहणाऱ्या मुलीची मालिका होती ती, पण या व्हिडिओत कुठे चेहराच नव्हता. नुसते हात आणि पाणी. दोर ओढणारे हात, काच पुसणारे हात, ओंजळीतून गळणारं पाणी, लाटेखाली दिसेनासे होणारे पाय. गाणं परदेशी होतं, एका बाईच्या आवाजातलं, भाषा आमच्या कुणाच्या ओळखीची नव्हती. आणि शेवटचा सूर अगदी संपता संपता एक चेहरा वळून बघत होता. एवढंच. आई म्हणाली, "परत लाव." मग म्हणाली, "भात लागलो वाटता," आणि तरी उभीच राहिली.

तिन्ही परीक्षकांनी, तीन कोपऱ्यांत बसून, एकमेकांशी न बोलता, अकरा क्रमांकाला पहिला ठेवला. असं आधी कधी झालं नव्हतं. प्रज्ञानं गुणांची बेरीज दोनदा केली, मग नावं उघडली. रोझलिनचं नाव बघून ती खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

प्रमाणपत्रं छापायची म्हणून तिनं नावं मेहुलकडे दिली. तेव्हा दुपारचे कार्यक्रम सुरू होते.

रोझलिन त्या दिवशी वडिलांना घेऊन आली होती. ते पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली, तेल लावून बसवलेले केस. सकाळपासून ते एकाच खुर्चीवर बसून होते. आजूबाजूनं राक्षस, पऱ्या, सामुराई जात होते आणि ते प्रत्येकासाठी पाय आत घेत होते. मी त्यांना चहा नेऊन दिला तर उठून उभे राहिले.

"बसा ना काका."

"पोरगी बोलली, आज मोठ्या पडद्यावर लागनार हाय तिचं."

"लागणार आहे."

"मग बसतो," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

व्हिडिओ लागला. त्या शेडमध्ये कधीच शांतता नसायची, पण त्या दोन-चार मिनिटांत स्टॉलवरचे लोकसुद्धा वळून उभे राहिले. गाणं संपलं, चेहरा वळला, आणि टाळ्या यायला वेळ लागला. मी रोझलिनच्या वडिलांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बसले होते. पडदा काळा झाला तरी ते काळ्या पडद्याकडेच बघत होते.

मग स्टेजवरच्या निवेदकानं निकाल वाचला आणि पहिलं नाव दुसऱ्याच मुलाचं घेतलं.

अंधेरीचा मुलगा होता. त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर पुष्कळ लोक बघायचे. त्याचं नाव घेताच शेडमध्ये जो आरडाओरडा झाला तो आठवला की अजून अंगावर शहारा येतो. तो धावत स्टेजवर गेला, कागदाचे चमकते तुकडे उडाले. तोही बिचारा खरंच आनंदला होता, त्याला काय माहीत. रोझलिनचं नाव दुसऱ्या क्रमांकावरही नव्हतं, तिसऱ्यावरही नव्हतं.

प्रज्ञा मेहुलपाशी गेली. मी मागोमाग गेले.

"हे काय आहे?"

"अरे प्रज्ञा, थोडं समजून घे ना. त्या मुलीला ओळखतो कोण? याला सगळे ओळखतात. स्टेजवर कोणीतरी पाहिजे ना यार, ज्याच्यासाठी लोक ओरडतील."

"तिसरा तरी नंबर द्यायचा."

"दुसरा-तिसरा स्पॉन्सरच्या मुलींना द्यावा लागला. पुढच्या वर्षी बघू. प्रॉमिस."

प्रज्ञा वळली, स्टेजच्या पायऱ्या चढली आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला. इतक्या शांतपणे घेतला की त्यानं तो दिलासुद्धा. ती म्हणाली, "हा निकाल खोटा आहे. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिलाय तो अकरा नंबरला. त्या मुलीचं नाव..." आणि माइक बंद झाला. ती बोलत राहिली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. समोरच्या गर्दीला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी तिचा फोटो काढला. मग मोठ्यानं गाणं सुरू झालं आणि पुढच्या कार्यक्रमाची मुलं नाचत स्टेजवर आली. ती त्यांच्या मधोमध उभी होती. कुणाचा तरी पंख तिच्या तोंडावर लागला तेव्हा ती खाली उतरली.

रोझलिनचे वडील अजून खुर्चीतच होते. रोझलिन त्यांच्या मागे उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"जिंकली का नाय?" त्यांनी प्रज्ञाला विचारलं.

"जिंकली काका. तुमची मुलगी पहिली आली."

"मग नाव दुसऱ्याचं कशाला घेतलं?"

प्रज्ञानं खाली वाकून त्यांच्या पायाशी ठेवलेली कपबशी उचलली.

आम्ही दोघी त्यांना सोडायला मार्वेच्या धक्क्यापर्यंत गेलो. कशाला गेलो माहीत नाही, त्यांना रस्ता ठाऊकच होता. पण त्यांना तिथेच शेडमध्ये निरोप द्यायला नको वाटलं. ऊन उतरत होतं. धक्क्यावर डिझेलचा आणि ओल्या दोरखंडांचा वास. फेरीबोटीत सायकली, भाज्यांच्या पाट्या, शाळेची मुलं चढत होती. रोझलिनच्या वडिलांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. तेवढीच त्यांची दिवसभरातली पहिली सैल हालचाल.

"पुढच्या वर्षी आपण आपलं वेगळं करू," प्रज्ञा रोझलिनला म्हणाली. "मुलुंडसारखं. नावं झाकून. तू कर नवीन काहीतरी."

रोझलिन पाण्याकडे बघत होती. "ताई, नाव झाकलेलं तवा मी होते," ती म्हणाली. "उघडलं आणि नाय राहिले."

बोट सुटली. पलीकडचा किनारा तिथून इतका जवळ दिसतो की हाक मारली तर ऐकू जाईल. आम्ही उभ्या होतो. त्या दोघांनी मागे पाहिलं नाही.

प्रज्ञानं खरंच वेगळं केलं. विक्रोळीच्या बुद्धविहाराच्या वरचा हॉल मागून घेतला, तिथे पडदे नव्हते म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या. तोच स्टीलचा डबा, त्याच घड्या. पण व्हिडिओ फार थोडे आले. गोरेगावला त्याच दिवशी मोठा मेळा होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. लोक आता फोनवरच पाहायला लागले होते, अंगठ्यानं वर सरकवत. कुणाला काय आवडलं ते लगेच खाली आकड्यात दिसत होतं, आणि त्यासाठी अंधारात बसायची गरज नव्हती. शेवटच्या वर्षी परीक्षक जास्त आणि व्हिडिओ कमी असं झालं. तरी प्रज्ञानं तिघांना तीन कोपऱ्यांत बसवलं. दुपारभर चादरी वाऱ्यानं फुगत होत्या, पडद्यावर ऊन पडत होतं, चित्रं धड दिसत नव्हती. संध्याकाळी तिनं चादरी सोडल्या, घड्या केल्या, आणि म्हणाली, "झालं आता."

रोझलिननं पुन्हा कधी काही पाठवलं नाही. प्रज्ञानं बरेच फोन केले. एकदा तिच्या आईनं उचलला, म्हणाली, ती कुवेतला गेली, एका घरी मुलं सांभाळायला.

लग्नातून घरी आल्यावर मी तो व्हिडिओ शोधत बसले. कधीतरी रोझलिननं इंटरनेटवर टाकला होता, ते आठवत होतं. सापडला. हात, दोर, काच, पाणी, सगळं होतं. आवाज नव्हता. गाण्याच्या मालकांच्या हक्कांमुळे आवाज काढून टाकल्याची एक ओळ खाली होती. मी तशीच बघत राहिले. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते गाणं मला आठवत नाहीये. चालसुद्धा नाही. जे मी शेकडो वेळा ऐकलं होतं, आई ज्यासाठी भात लागू देऊन उभी राहिली होती, त्याचा एक सूर डोक्यात येईना. आईला विचारावं तर ती आता नाही.

प्रज्ञाला फोन केला. ती पवईला एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. बोलणं होत नाही फारसं.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "मी गाणी ऐकत नाही आता."

"मनोरीला जाऊया का? तिच्या घरी मूळ व्हिडिओ असेल."

"तू जा. मी त्या काकांना काय सांगू?"

मी एकटीच गेले. फेरीबोट, धक्का, मग माडांतून जाणारी वाट. घर सापडायला वेळ लागला नाही. क्रुसासमोरचं, निळ्या खिडक्यांचं. रोझलिनचे वडील अंगणात जाळं पसरून बसले होते. खूप वाळलेत. मी ओळख दिली. त्यांनी हातातलं जाळं बाजूला केलं.

"चहा दिला होता तुमी," ते म्हणाले. "बस बाय."

कॉम्प्युटर केव्हाच गेला होता. खाऱ्या हवेनं आतून गंजला, भंगारात दिला. पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि न शोधता तो व्हिडिओ लावला. रोज लावत असावेत, बोट सरळ तिथेच गेलं. तोच, बिनआवाजाचा. त्यांनी मोबाइल कानाला लावला, मग माझ्यापुढे धरला.

"आवाज नाय येत. दोनदा मालाडला दुकानात दाखवला. तो बोलतो मोबाइल चांगला हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं. ज्यांचं गाणं आहे त्यांनी ते काढून घेतलंय, मोबाइलचा दोष नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरीनं बनवलेलं ना पण हे?"

"तिनंच बनवलं काका."

"मग गाणं कुठलं होतं? तुमी तर परीक्षा घेतलेली."

"नाही आठवत," मी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून म्हटलं, "रोझलिनला विचारूया?"

त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या हातात दिला. तिकडे ती स्वयंपाकघरात होती, मागे कुठलंतरी मूल रडत होतं. तिनं मला ओळखलं. चेहरा भरलाय, केस कापलेत. हसली, पण तोंड मिटूनच. मी गाण्याचं विचारलं तसा तिनं आवाज हलका केला.

"बाबा जवळ हायत?"

मी उठून विहिरीपाशी गेले. "नाहीत. बोल."

"मला आठवतंय ताई. सगळं आठवतंय," ती म्हणाली. "पण सांगू नका तुमी. त्यांना गाणं मिळालं की रोज तेच लावनार आणि रोज मला फोन करून तेच विचारनार, जिंकली का नाय. आता कुठे बंद झालंय." मागचं मूल मोठ्यानं रडायला लागलं. "ठेवते ताई. मॅडम येतील."

मी परत येऊन मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"काय बोलली?"

"आठवत नाही म्हणाली."

त्यांनी मोबाइल शर्टाच्या टोकानं पुसला आणि खिशात ठेवला. जाळ्याची फाटलेली बाजू मांडीवर ओढून घेतली.

"केवढं डोकं होतं तिचं," ते म्हणाले.